एक रेसिडेन्सी, दोन मान्यता : अमेरिकेतील फॅमिली मेडिसिनच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर ‘डी.ओ.’ ही अक्षरे दिसली, की हे डोळ्यांचे डॉक्टर असावेत असे आपण समजतो. अमेरिकेत मात्र त्याच अक्षरांचा अर्थ ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी घेतलेला, औषधे देण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण अधिकार असलेला डॉक्टर असा होतो. तेथील फॅमिली मेडिसिनच्या काही रेसिडेन्सी (पदवीनंतर रुग्णालयात राहून घ्यायचे विशेषशाखेचे प्रशिक्षण) अनेक वर्षे एम.डी. (तेथे ही वैद्यकाची पहिलीच पदवी) आणि डी.ओ. अशा दोन्ही परंपरांच्या संस्थांची मान्यता एकाच वेळी का बाळगत होत्या, हे समजून घ्यायचे तर या दोन अक्षरांपासूनच सुरुवात करावी लागते.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी ऑस्टिओपॅथीचे पहिले महाविद्यालय काढले. हाडे, स्नायू आणि सांधे यांच्या रचनेकडे लक्ष देऊन हातांनी उपचार करणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. पुढे औषधशास्त्र आणि शस्त्रक्रियाही त्यात आल्या. तरीही एम.डी. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या मंडळींना दीर्घकाळ आपल्या पंक्तीला बसू दिले नाही, त्यामुळे त्यांना स्वतःची रुग्णालये, स्वतःची इंटर्नशिप आणि स्वतःच्या रेसिडेन्सी उभ्या कराव्या लागल्या. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे 2,000 डी.ओ. डॉक्टरांना 65 डॉलर शुल्कात एम.डी. ही पदवी देण्यात आली आणि राज्यात नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाना देणे थांबले. हा आघात ऑस्टिओपॅथिक समाजाच्या मनात खोल रुतला. एकत्र येण्याच्या पुढील प्रत्येक प्रस्तावाकडे त्यांनी आधी संशयाने पाहिले, याचे मूळ मला या घटनेत दिसते.

1969 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत फॅमिली प्रॅक्टिसला स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळून तीन वर्षांच्या रेसिडेन्सीची घडी बसू लागली, आणि त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डी.ओ. डॉक्टरांना सदस्यत्वाची व आपल्या मान्यतेच्या रेसिडेन्सींची दारे उघडली. डी.ओ. पदवीधरांचा ओढा पूर्वीपासून सामान्य वैद्यकाकडे, लहान गावांकडे होता. त्यामुळे नव्या शाखेत दोन्ही परंपरांची गाठ पडणे स्वाभाविकच होते.

अडचण अशी होती, की डी.ओ. डॉक्टरांच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन या संघटनेच्या मान्यतेशिवाय घेतलेले प्रशिक्षण त्या पदवीधराला सगळीकडे चालत नसे. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा, ओक्लाहोमा आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांत परवान्यासाठी तिच्या मान्यतेचे पहिले वर्ष लागत असे. त्याच सुमारास ऑस्टिओपॅथिक महाविद्यालये वाढत होती. रेसिडेन्सीच्या जागा मात्र त्या वेगाने वाढत नव्हत्या.

एम.डी. बाजूची अडचण वेगळी होती. 1997 च्या अर्थसंकल्पीय कायद्याने मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेकडून ज्यांच्यासाठी पैसे मिळतात अशा निवासी डॉक्टरांची संख्या प्रत्येक रुग्णालयासाठी साधारणपणे 1996 च्या पातळीवर गोठवली, आणि नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकी एम.डी. विद्यार्थ्यांनी फॅमिली मेडिसिनकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. हे पैसे प्रत्यक्ष कामावर असलेल्या निवासी डॉक्टरांच्या हिशेबाने मिळत असल्याने रिकामी जागा म्हणजे बुडालेले उत्पन्न होते. चालू रेसिडेन्सीलाच दुसरी मान्यता घेतली, तर एकही नवी जागा निर्माण न करता डी.ओ. पदवीधरांना बोलावता येत होते. दुहेरी मान्यतेचा प्रसार तत्त्वांपेक्षा या गरजेतून झाला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ही सोय फुकट मात्र नव्हती. दोन संस्थांचे निकष वेगळे, तपासणीची पथके वेगळी, प्रवेशाच्या ‘मॅच’सुद्धा (उमेदवार आणि रेसिडेन्सी यांच्या पसंतीक्रमांची जुळणी करून जागा देण्याची पद्धत) दोन. ऑस्टिओपॅथिक मॅचचा निकाल आधी लागे आणि तीत जागा मिळालेला उमेदवार दुसऱ्या मॅचमधून आपोआप वगळला जाई. त्यामुळे कोणत्या मॅचमध्ये किती जागा ठेवायच्या, हे संचालकाला दरवर्षी अंदाजाने ठरवावे लागे. ऑस्टिओपॅथिक जागा फक्त डी.ओ. पदवीधरांसाठी असत. महाराष्ट्रातून एम.बी.बी.एस. होऊन गेलेल्या डॉक्टरला अशा रेसिडेन्सीत एम.डी. बाजूच्या मॅचमधूनच शिरता येत असे.

बाह्यरुग्ण विभागात हा फरक डोळ्यांना दिसे. पाठदुखीचा रुग्ण आला, की डी.ओ. निवासी डॉक्टर त्याला उपचाराच्या टेबलावर पालथे झोपवून मणक्यालगतचे स्नायू बोटांनी चाचपत जाई, कोठे ताठरपणा आहे त्याची नोंद करी आणि हातांनी उपचार करी. त्यावर देखरेख करायला त्या तंत्रात तयार असलेला डी.ओ. शिक्षक हजर असावा लागे, आणि लहान गावातील रुग्णालयाला असा शिक्षक मिळवणे हीच पुष्कळदा सर्वांत कठीण अट ठरे.

2011 च्या सुमारास एम.डी. बाजूच्या मान्यता परिषदेने, म्हणजे एसीजीएमईने, फक्त ऑस्टिओपॅथिक मान्यतेचे प्रशिक्षण घेतलेल्यांना आपल्या पुढील फेलोशिपमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या उपशाखेच्या प्रशिक्षणात, प्रवेश मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा बोलणी अटळ झाली. 2012 मध्ये सुरू झालेली ही चर्चा 2013 च्या जुलैत फिसकटली आणि 2014 च्या फेब्रुवारीत मान्यतेची एकच व्यवस्था करण्याचा समझोता जाहीर झाला. 1 जुलै 2015 ते 30 जून 2020 या पाच वर्षांत ऑस्टिओपॅथिक रेसिडेन्सींना एसीजीएमईची मान्यता मिळवायची होती. दुहेरी मान्यतेच्या फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सींकडे ती आधीपासूनच होती, म्हणून इतर अनेकांची धावपळ चालू असताना त्यांच्यापुढे एकच मोठा निर्णय उरला : ‘ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन’ हा, रेसिडेन्सीत ऑस्टिओपॅथीचे शिक्षणही मिळते असे सांगणारा नवा, ऐच्छिक दर्जा घ्यायचा की नाही. हा दर्जा घेणाऱ्या रेसिडेन्सींमध्ये फॅमिली मेडिसिनचीच संख्या सर्वांत मोठी आहे, आणि आता त्या जागांसाठी पूर्वतयारी केलेल्या एम.डी. पदवीधरालाही अर्ज करता येतो.

मान्यता एक झाली, तरी विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देणारी मंडळे आजही दोन आहेत, डी.ओ. पदवीधराला रेसिडेन्सी संपताना कोणत्या मंडळाच्या परीक्षेला बसायचे, की दोन्हींच्या, हे अजूनही ठरवावे लागते.