चरबी जाळणारं पिवळं रसायन

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार विचित्र रीतीने दगावू लागले. अंगाला घामाच्या धारा, चढता ताप, धाप, आणि त्याआधीच झपाट्याने उतरलेलं वजन. स्फोटकांत मिसळलं जाणारं डायनायट्रोफिनॉल, म्हणजेच डीएनपी, त्यांच्या अंगात भिनत होतं.

काहींना यात विष दिसलं, काहींना औषध. 1933 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कटिंग आणि टेंटर या संशोधकांनी लठ्ठपणावर डीएनपी देऊन पाहिलं. वजन उतरलं, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असावं, असा त्या काळचा अंदाज आहे. मग तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले, काही माणसं मेली. 1938 च्या औषध कायद्यानंतर ते बाजारातून गेलं. हे सगळं होईपर्यंत ते पेशीत नेमकं काय करतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

पेशी ज्यावर चालते ते एटीपी 1929 मध्येच सापडलं होतं: जर्मनीत लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये फिस्के व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. 1948 मध्ये लूमिस आणि लिपमन यांनी दाखवलं, की डीएनपी असताना ऑक्सिजन खर्च होत राहतो, पण एटीपी बनत नाही. म्हणजे इंधन जळतं आणि कामाला येत नाही. असं का, याचं उत्तर 1961 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी मांडलं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, अन्नाच्या ऊर्जेवर प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) आतल्या पटलाबाहेर ढकलतात. ते परत आत येताना एका प्रथिनाचं चाक फिरवतात आणि एटीपी तयार होतं. मुंबईच्या गिरण्यांना 1915 मध्ये वीज देऊ लागलेल्या खोपोलीच्या वीजघराचंही असंच आहे. लोणावळ्याचं पाणी घाट उतरून टर्बाइन फिरवतं. नळ वाटेतच फुटला, तर पाणी खाली येईल, वीज येणार नाही.

डीएनपी हे असंच भोक पाडतं. त्याचा रेणू चरबीत विरघळतो, बाहेरचा प्रोटॉन उचलून पटल ओलांडतो, आत सोडतो आणि पुढच्यासाठी परत जातो. मिचेल आणि त्यांच्या सहकारी जेनिफर मॉयल यांनी हे मोजलं. ऑक्सिजन संपलेल्या मायटोकॉन्ड्रियांना त्यांनी ऑक्सिजनचा छोटा डोस दिला. बाहेर पडलेल्या प्रोटॉनमुळे भोवतालचं द्रावण लगेच आम्लधर्मी झालं आणि मग सावकाश पूर्ववत झालं. डीएनपी घातल्यावर मात्र ते क्षणात पूर्ववत होई. तरीही मिचेल यांच्या कल्पनेला जाणकारांचा विरोध बरीच वर्षं टिकला; त्यांना नोबेल मिळालं ते 1978 मध्ये.

निसर्गाने हीच गळती कामाला लावली आहे. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत यूसीपी1 नावाचं प्रथिन प्रोटॉनना आडवाटेने आत सोडतं आणि अंग गरम राहतं. प्रौढांतही ही चरबी सक्रिय असते, हे 2009 मध्ये स्कॅनमधून पक्कं झालं. तिला जाग येते थंडीने, तेव्हा मुंबईकरांनी फार आशा धरू नये. शिवाय यूसीपी1 ला लगाम असतो, डीएनपीला नसतो: डोस वाढेल तशी उष्णता वाढत जाते.

ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्यतः घाम आहे, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे 'फॅट बर्नर' म्हणून ऑनलाइन मिळणारी ही पावडर मुंबईच्या मे महिन्यात आणखीच घातक. विषबाधेवर उतारा नाही. हा ताप मेंदूने चढवलेला नसतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. रुग्णाला गार करत राहणं हाच डॉक्टरांच्या हातातला मुख्य उपाय उरतो.