इंग्रजी वाक्प्रचार आणि सोलापूर : भाषांतराच्या वहीपासून चार पर्यायांपर्यंत

तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी दोन गुणांचे. सरळसेवेच्या बऱ्याच भरत्यांचा साचा आता असाच असतो आणि त्यात इंग्रजी वाक्प्रचार हमखास विचारले जातात. म्हणून सोलापूरच्या अभ्यासिकांत मुलं वाक्प्रचारांच्या याद्या घोकताना दिसतात. अर्थ पाठ असतो, पण तो तसाच का, हे ठाऊक नसतं.

रेल्वे सोलापुरात पोचली १८६० मध्ये, पहिली मोठी गिरणी उभी राहिली १८७७ मध्ये, आणि इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाला भाव आला. तेव्हा शिकवायची रीत भाषांतराची होती. वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून, पुढे पाचवीपासून आणि जून २००० पासून मराठी शाळांत थेट पहिलीपासून सुरू झाली.

इंग्रजी कितवीपासून, यावर राज्यभर वाद झाला. सोलापूरसाठी खरा कळीचा प्रश्न वेगळा होता : इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची की नाही? भाषांतरपद्धत मागे पडली आणि 'इंग्रजी इंग्रजीतूनच' हा आग्रह आला. त्यामागे विचार होता, हे मान्य करायला हवं. शहराच्या पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात अनेकांच्या घरी उर्दू. त्यांना मराठी प्रतिशब्द देणं म्हणजे परक्या भाषेसाठी दुसऱ्या परक्या भाषेचा आधार, असं बंदीचे समर्थक म्हणू शकत होते. पण घरची भाषा कोणतीही असो, तिला वर्गाबाहेर ठेवून वाक्प्रचार कळत नाही. इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ इंग्रजीतच सांगितला की एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा येतो, एवढंच. मुलं शेवटी समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून घ्यायचीच.

या बंदीत एक मोठी सोय वाया गेली. इंग्रजीतले कितीतरी वाक्प्रचार मराठीत येऊन कधीचेच रुळलेत. लालफीतशाही, नक्राश्रू ढाळणे, हिमनगाचे टोक. पारा चव्वेचाळीसवर जाणाऱ्या सोलापुरात हिमनग कुणी पाहिलेला नसतो, तरी बातमीत ते टोक आलं की अर्थ लगेच कळतो. 'टिप ऑफ द आइसबर्ग' शिकवताना याची आठवण करून दिली तर घोकावं लागत नाही.

'ऑन टेंटरहुक्स' तर इथल्या कापडधंद्यातलाच. इंग्लंडात लोकरीचं कापड धुऊन-कुटून झालं की आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. त्या चौकटीवरचे आकडे म्हणजे टेंटरहुक. प्रोसेसिंगच्या कारखान्यातलं स्टेंटर हे त्याच घराण्यातलं यंत्र. ओल्या कापडाच्या दोन्ही कडा पिनांनी किंवा क्लिपांनी धरून ते कापड ताणलेलं ठेवतं आणि गरम हवेत पुढे नेत वाळवतं. ज्याने हे पाहिलंय त्या मुलाला 'जीव टांगणीला लागणे' हा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. यादीत मात्र या वाक्प्रचारासमोर नुसतं 'चिंताग्रस्त' लिहिलेलं असतं.

नावाचाही मोठा घोळ आहे. मराठी व्याकरणात वाक्प्रचार आणि म्हण वेगळ्या. वाक्प्रचार 'णे'ने संपतो, वाक्यात घालताना त्याचं रूप बदलतं. म्हण स्वतःच पूर्ण असते. परीक्षेच्या पुस्तकांत 'इडियम्स अँड फ्रेजेस' या मथळ्याखाली सगळंच कोंबलेलं असतं. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, हे क्रियापद. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' ही म्हण. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत, हा नुसता शब्दसमूह. आणि 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हा खरा इडियम. त्याचा कर्मणी प्रयोग केला तर मरण जातं आणि बादलीला बसलेली लाथ तेवढी उरते. चारही एकाच पद्धतीने पाठ करणारा मुलगा कुठे काय बदलता येतं हे शिकत नाही. हा दोष त्याचा नाही, यादीचा आहे.

मोबाइल आल्यापासून वाक्प्रचारांच्या कहाण्याही फिरू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ खोट्या आहेत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'बद्दल सांगतात की जुन्या काळी गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडत. ही कथा १९९९ च्या सुमारास ईमेलमधून पसरली. कुत्र्या-मांजरांचा पाऊस इंग्रजी लेखनात सतराव्या शतकापासून आहे, पण त्याचा उगम आजही नक्की झालेला नाही. तरी क्लासच्या नोट्समध्ये ते छप्पर टिकून आहे.

पूर्वी शाळेच्या पेपरात 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असं असायचं. चार पर्यायांच्या प्रश्नात उपयोग गळला आणि अर्थ तेवढा राहिला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा मात्र २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिच्यात इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर आहे, किमान २५ टक्के गुण लागतात, आणि उत्तराचं वाक्य स्वतः लिहावं लागतं.