वारसाचा फेर आणि कोर्टाचं वारस प्रमाणपत्र: वकील नेमका कशाला लागतो?

आमचे चुलते वारले तेव्हा तेराव्याच्या मांडवातच पहिला सल्ला आला, "वकील बघा, वारस लावावा लागंल." तालुक्याला एका वकिलाकडं गेलो, आठ हजार दिले. वकिलाच्या कारकुनानं तलाठ्याकडं अर्ज नेऊन दिला. चुलतभाऊ चहा पिऊन परत येता येता तोच अर्ज देऊ शकला असता. पुढं बँकेनं "कोर्टाचं आणा" म्हटलं, तेव्हा आमच्या हातात नुसता नवा सातबारा.

गावात दोन्ही गोष्टींना 'वारस'च म्हणतात, आणि घोळ तिथंच होतो.

वारसाचा फेर, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवणं, हे महसुलाचं काम. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पारावर अजून तलाठीच). मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं शपथपत्र द्यायचं. आधी वारस नोंदवहीत म्हणजे सहा-क ला नोंद होते, मग फेर ओढला जातो, हरकतीसाठी नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मयताच्या नावावरचे सातबारे दुरुस्त करायला 2025 साली 'जिवंत सातबारा' मोहीमही निघाली. यात वकिलाचं काम काही नाही.

फक्त नावं लिहिताना हात आखडू नका. आमच्याकडं शपथपत्र लिहिताना एक पाहुणे म्हणालेच, "पोरींची नावं कशाला, त्या दिल्या घरी सुखी हायेत." हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव गाळलेल्या बहिणीनं हरकत घेतली की साधा फेर तक्रारी केस होतो, आणि मग वकील शोधावाच लागतो.

दुसरं म्हणजे, फेर झाला म्हणून मालकी ठरली असं होत नाही. ती सरकारच्या वहीतली नोंद, शेतसारा कुणी भरायचा एवढ्यापुरती. हक्काचा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो.

कोर्टाचं प्रमाणपत्र, ज्याला कचेरीत सगळे 'सक्सेशन' म्हणतात, ते पैशांसाठी: बँकेतल्या ठेवी, शेअर, रोखे, मयताला कुणाकडून येणं असलेली रक्कम. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी कोर्टात अर्ज होतो, नोटिसा निघतात, साक्ष होते, रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी भरावी लागते. शेतजमिनीला हे प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. वकील लावलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण तारखा आणि अर्जाची भाषा बघता इथं मी वकील लावीनच.

मात्र कोर्टात जायच्या आधी बँकेत नीट विचारा. खात्याला नॉमिनी असेल तर बँक सक्सेशन मागत नाही. नॉमिनी नसला तरी रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांत सोपी पद्धत आहे: सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, इतर बँकांत 15 लाखांपर्यंत. वाद नसेल तर ठरलेल्या कागदांवर आणि हमीपत्रावर काम होतं. आणि नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो. "बापानं माझं नाव लावलं, पैसा माझा" म्हणणारा भाऊ प्रत्येक भावकीत एक तरी निघतोच.

मग वकील कधी? घरात एकी असेल तर फेराला नाही. मृत्युपत्रावर शंका असेल, दुसरं लग्न असेल, एखादा वारस सही करत नसेल, तर पहिल्या दिवसापासून. आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट बघायची: जमीन इनामाची, वर्ग 2 ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा निजामाच्या काळातल्या कुळाची आहे का. अशा जमिनीला 1954 च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत (तेव्हाच्या जमीन-पाहणीची नोंद) मागं जावं लागतं, जुने कागद उर्दूत निघतात. तिथं मुरलेला महसुली वकीलच हवा, नुसता काळा कोट चालत नाही.

हक्कसोडपत्राचंही, म्हणजे वारसानं आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाचंही, तसंच. स्टँप पेपरवर घरीच सह्या घेऊन चालत नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागते. माझ्या चुलतबहिणीनं पेटीवर कागद ठेवून सही करायला पेन उचललं होतं. जमिनीच्या एका गटाचं सांगितलं होतं, कागदात चार गट होते. तिनं वाचलं म्हणून कळलं.

तिला वकिलाचे पैसे परवडत नव्हते. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं बाईला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, अर्ज तिथं करायचा.