रेट रिसेट प्रेफर्ड शेअर

रेट रिसेट प्रेफर्ड शेअर हा कॅनडाच्या शेअर बाजारातला एक खास प्रकार आहे. प्रेफर्ड म्हणजे ज्याला साध्या शेअरच्या आधी डिव्हिडंड मिळतो असा शेअर. नियमित उत्पन्नासाठी तिकडचे रिटायर झालेले लोक वर्षानुवर्षं हे घेत आलेत, आणि नीट न समजता घेतल्यामुळे पोळलेलेही बरेच आहेत. शेअरची दर्शनी किंमत जवळपास नेहमी 25 डॉलर असते, डिव्हिडंड दर तीन महिन्यांनी येतो, आणि त्याचा दर पाच वर्षांसाठी ठरलेला असतो. पाच वर्षं झाली की दर नव्याने ठरतो आणि मग पुढची पाच वर्षं तोच चालतो. शेअरला मुदत नाही, म्हणजे कंपनीने स्वतःहून परत घेतला नाही तर हे चक्र कायम चालू राहतं.

नवा दर कसा ठरतो तेवढं कळलं की निम्मं काम झालं. त्या वेळी कॅनडा सरकारच्या पाच वर्षांच्या बाँडवर जे यील्ड, म्हणजे भावाच्या मानाने वर्षाचा परतावा, असेल ते घ्यायचं आणि त्यात शेअर पहिल्यांदा विकताना ठरलेला स्प्रेड, म्हणजे वरचे जादा टक्के, मिळवायचा, बस. स्प्रेड कधीच बदलत नाही. समजा स्प्रेड 2 टक्के आहे आणि रिसेटच्या वेळी सरकारी यील्ड 3 टक्के आहे, तर नवा दर 5 टक्के, म्हणजे 25 डॉलरवर वर्षाला 1.25 डॉलर. हा टक्का दर्शनी किमतीवर लागतो, तुम्ही शेअर कितीला घेतला त्यावर नाही, आणि खरं गणित इथूनच सुरू होतं.

रिसेटच्या दिवशी दोन गोष्टी होऊ शकतात. कंपनीला हवं असेल तर ती 25 डॉलर देऊन शेअर परत घेते, त्याला रिडीम करणं म्हणतात. नाही घेतला तर शेअरवाल्याला निवड मिळते, पाच वर्षांचा नवा ठरलेला दर घ्यायचा की त्याच्या जोडीच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, सिरीजमध्ये जायचं (सिरीज म्हणजे एकाच अटींवर काढलेल्या शेअरचा गट). फ्लोटिंगमध्ये डिव्हिडंडचा दर प्रत्येक तीन महिन्यांनी बदलतो, सरकारच्या तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचं यील्ड अधिक तोच स्प्रेड. ही निवड कळवायची मुदत साधारणपणे रिसेटच्या तारखेआधी 30 व्या दिवसापासून 15 व्या दिवसापर्यंत असते, पण ब्रोकर त्याच्याही आधीची तारीख देतो, त्यामुळे आलेला ईमेल न वाचता ठेवू नये. काहीच कळवलं नाही तर तुम्ही ठरलेल्या दरातच राहता. आणि एखाद्या सिरीजमध्ये 10 लाखांपेक्षा कमी शेअर उरणार असतील तर सहसा सगळ्यांनाच दुसऱ्या सिरीजमध्ये ढकललं जातं, मग तुमची निवड काहीही असो.

एक खरं उदाहरण

पाइपलाइनवाल्या ट्रान्सकॅनडा कंपनीची, आता तिचं नाव टीसी एनर्जी आहे, सिरीज 1 बघा. सप्टेंबर 2009 मध्ये हे शेअर 4.60 टक्के दराने आले, स्प्रेड 1.92 टक्के. ज्याने 1000 शेअर घेतले त्याला वर्षाला 1150 डॉलर मिळायचे. 2014 च्या शेवटी रिसेट आला तोपर्यंत सरकारी यील्ड दीड टक्क्याच्याही खाली गेलं होतं आणि नवा दर झाला 3.266 टक्के, म्हणजे 1150 चे 816 डॉलर 50 सेंट. कंपनी तीच, गॅस तोच वाहतोय, आणि घरात येणारं उत्पन्न मात्र तीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं, तेही एका दिवसात आणि पुढच्या पाच वर्षांसाठी. 2019 च्या शेवटी 3.479 टक्के, म्हणजे थोडीशीच सुधारणा. 2024 च्या रिसेटला मात्र दर पाच टक्क्यांच्या जवळ पोचला आणि पहिल्यांदाच उत्पन्न सुरुवातीपेक्षा वर गेलं. ज्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवले त्यांना त्यासाठी पंधरा वर्षं थांबावं लागलं.

माझ्या मते या एका शेअरच्या इतिहासात सगळा विषय आलाय. हे ठराविक उत्पन्न नाही. हे पाच वर्षांच्या सरकारी यील्डच्या मागे मागे चालणारं उत्पन्न आहे, आणि ते ज्याला मान्य आहे त्यानेच यात पडावं.

कुठून आलं

आधी कॅनडात पर्पेच्युअल प्रेफर्ड असायचे, त्यांचा दर कायमचा ठरलेला. व्याजदर वाढले की त्यांचे भाव पडायचे आणि परत मिळायची तारीख नाही, म्हणून लोक धास्तावलेले असायचे. 2008 मध्ये स्कोशियाबँकेने पहिला रेट रिसेट आणला आणि लगेच बाकीच्या बँकाही मागे आल्या, कारण तेव्हा जागतिक आर्थिक संकट चालू होतं आणि बँकांना भांडवल पाहिजे होतं. त्या काळातल्या इश्यूंवर सहा टक्क्यांच्या वर दर आणि चार टक्क्यांच्या आसपास स्प्रेड मिळत होता. घेणाऱ्यांची चांदी झाली, पण पाचच वर्षं, कारण 2013-14 मध्ये पहिला रिसेट आला तसे बँकांनी त्यातले बहुतेक शेअर 25 डॉलर देऊन परत घेतले. एवढा महाग पैसा कोण ठेवेल.

त्याच सुमारास नवे इश्यू येत होते ते दोन-सव्वादोन टक्के स्प्रेडचे. विकताना सांगितलं जायचं की व्याजदर वाढणार आहेत, तेव्हा तुमचाही दर वाढेल. झालं उलटंच. तेलाचे भाव पडले, बँक ऑफ कॅनडाने, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेने, जानेवारी 2015 मध्ये दर 1 वरून 0.75 टक्के केला, जुलैमध्ये 0.50, आणि पाच वर्षांचं यील्ड एक टक्क्याच्या खाली गेलं. कमी स्प्रेडवाल्या शेअरचे भाव 25 वरून धडाधड खाली आले आणि ज्यांना वाटलं होतं की हे सुरक्षित, एफडीसारखं आहे, त्यांच्या मुद्दलाचा मोठा भाग कागदावर गेला. मार्च 2020 मध्ये परत तेच, तीन आठवड्यांत बँक ऑफ कॅनडाचा दर 1.75 वरून 0.25 टक्के. नंतर महागाई आली, 2022 च्या मार्चपासून दर चढत जुलै 2023 मध्ये 5 टक्क्यांवर गेले, आणि तेव्हा मात्र ज्यांचा रिसेट त्या काळात पडला त्यांचं उत्पन्न दीडपट-दुप्पटही झालं. जून 2024 पासून दर परत उतरायला लागले. म्हणजे रिसेटची तारीख कोणत्या वर्षात पडते हा नशिबाचाच भाग आहे. म्हणून एकाच कंपनीचे सगळे न घेता वेगवेगळ्या वर्षांत रिसेट होणारे शेअर ठेवणं शहाणपणाचं, यालाच लॅडर म्हणतात. बीएमओ बँकेचा झेडपीआर हा ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकत मिळणारा फंड, याच तत्त्वावर चालतो.

यील्ड कसं बघायचं

स्क्रीनवर दिसणारं यील्ड म्हणजे चालू डिव्हिडंड भागिले आजचा भाव. रिसेटला चार वर्षं असतील तर ठीक, पण सहा महिने उरले असतील तर तो आकडा जुन्या जमान्याचा आहे. स्वतः काढायचा आकडा असा: आजचं सरकारी यील्ड अधिक स्प्रेड, गुणिले 25, भागिले भाव. यील्ड 3 टक्के, स्प्रेड 2 टक्के, भाव 20 डॉलर, तर 1.25 भागिले 20 म्हणजे 6.25 टक्के. स्प्रेड कमी आणि भाव खाली असेल तर शेअर यील्डच्या हालचालीला जास्त उड्या मारतो, स्प्रेड जास्त असेल तर शांत असतो पण रिडीम होण्याची शक्यता मोठी.

रिडीमचा हक्क कंपनीकडे आहे, तुमच्याकडे नाही, ही गोष्ट लोक विसरतात. कंपनीची पत सुधारली आणि तिला बाहेर स्वस्तात पैसा मिळायला लागला की ती तुमचा चांगला शेअर 25 ला काढून घेणार, पत बिघडली तर तोच शेअर तुमच्याच गळ्यात राहणार. म्हणून 25 च्या वर भाव देऊन घेताना हिशेब करायलाच हवा. समजा भाव 25.80 आहे, वर्षाचा डिव्हिडंड 1.50 आणि रिसेटला सहा महिने आहेत. दोन डिव्हिडंड मिळून 75 सेंट आणि रिडीम झाल्यावर 25, एकूण 25.75. सहा टक्क्यांच्या जवळ दिसणारं यील्ड आणि हातात पाच सेंटचा तोटा.

काही इश्यूंना किमान दर लावलेला असतो, म्हणजे यील्ड कितीही पडलं तरी डिव्हिडंड त्याखाली जात नाही. असे शेअर साहजिकच महाग मिळतात.

पैसे बुडू शकतात का

शकतात. कंपनी बंद पडली तर आधी कर्जवाले आणि बाँडवाले, मग प्रेफर्ड, मग साधे शेअरवाले. कॅनडातल्या बँकेच्या मुदत ठेवीला, तिकडे जीआयसी म्हणतात, सरकारी ठेव विम्याचं 1 लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं, प्रेफर्डला असलं काही नाही. बँका आणि विमा कंपन्यांचे प्रेफर्ड नॉन-क्युम्युलेटिव्ह असतात, डिव्हिडंड चुकला तर तो गेला, नंतर थकबाकी म्हणून मिळत नाही. पाइपलाइन आणि वीज कंपन्यांचे सहसा क्युम्युलेटिव्ह, म्हणजे थकलेला आधी चुकता केल्याशिवाय साध्या शेअरवाल्यांना काही देता येत नाही. शिवाय 2013 पासूनच्या बँक प्रेफर्डमध्ये अशी अट असते की नियामकाने बँक टिकण्यासारखी नाही असं जाहीर केलं तर ते आपोआप साध्या शेअरमध्ये बदलतात. मोठ्या बँकांवर तशी वेळ आलेली नाही, पण कागदावर अट आहे आणि ती वाचून घ्यावी.

टॅक्स

लोक हे शेअर घेतात त्याचं मोठं कारण टॅक्स. जीआयसीच्या व्याजावर पूर्ण टॅक्स लागतो, पण कॅनडियन कंपनीच्या डिव्हिडंडवर सवलत आहे. 1000 डॉलर मिळाले तर रिटर्नमध्ये 38 टक्के वाढवून 1380 दाखवायचे आणि त्यावर जवळपास 15 टक्के केंद्राचं क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधून वजावट, घ्यायचं, प्रांताचं वेगळं. पण ज्यांना ओल्ड एज सिक्युरिटी पेन्शन मिळते त्यांनी जपून, कारण उत्पन्न जास्त असलं की ही पेन्शन कापली जाते, आणि कापताना तो वाढवलेला 1380 चा आकडाच उत्पन्न म्हणून धरला जातो. टीएफएसए किंवा आरआरएसपी या टॅक्स-सवलतीच्या बचत खात्यांमध्ये ठेवले तर क्रेडिटचा फायदा मिळत नाही. आणि टोरांटो, मिसिसागाकडे नोकरी करून कायमचे पुण्या-मुंबईला परत येणारे जे मराठी लोक हे शेअर तसेच ठेवतात, त्यांना डिव्हिडंड क्रेडिट राहत नाही, अनिवासी म्हणून तिथेच डिव्हिडंडमधून टॅक्स कापला जातो, मूळ दर 25 टक्के. परत यायच्या आधी हा हिशेब करणं फार गरजेचं आहे.

भारतात असा शेअर मिळत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 55 प्रमाणे कधीच परत न करायचे प्रेफरन्स शेअर काढताच येत नाहीत, 20 वर्षांत परत करावे लागतात, पायाभूत प्रकल्पांना थोडी सूट आहे.

खरेदी आणि आजचा बाजार

टोरांटो शेअर बाजारात हे साध्या शेअरसारखेच विकत मिळतात, पण एकेका सिरीजमध्ये दिवसाला फार थोडे शेअर फिरतात, त्यामुळे मार्केट ऑर्डर टाकली तर भलत्याच भावाला मिळू शकतो. लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण भाव ठरवून दिलेली ऑर्डर, टाकावी. एकाच कंपनीच्या दहा-पंधरा सिरीज असू शकतात, प्रत्येकीचा स्प्रेड आणि तारीख वेगळी, म्हणून नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नये. एन्ब्रिजसारख्या कंपनीच्या काही सिरीज अमेरिकन डॉलरमध्ये आहेत आणि त्यांचा रिसेट अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या यील्डवर होतो.

हा बाजार आता आटतोय. जुलै 2020 मध्ये रॉयल बँकेने एलआरसीएन (लिमिटेड रिकोर्स कॅपिटल नोट्स) नावाच्या नोटा, म्हणजे एक प्रकारचे कर्जरोखे, पहिल्यांदा विकल्या, 175 कोटी डॉलरच्या. नियामक त्यांना प्रेफर्डसारखंच भांडवल धरतो, पण त्यावर दिलेलं व्याज बँकेला खर्च म्हणून दाखवता येतं, डिव्हिडंड दाखवता येत नाही. बँकांना हे स्वस्त पडतं, आणि या नोटा मोठ्या संस्थांनाच विकल्या जातात, सामान्य माणसाला थेट मिळत नाहीत. तेव्हापासून बँका रिसेट आला की आपले प्रेफर्ड परत घेत चालल्यात आणि नवे फारसे काढत नाहीत. त्यामुळे उरलेल्या शेअरमध्ये पाइपलाइन, वीज आणि इतर बिगर-बँक कंपन्यांचा वाटा वाढत चाललाय.