मिऱ्याचं जातं

आमच्या वास्तुशांतीला भाच्याने दोन लाकडी ग्राइंडर दिले, एक मिऱ्याचा आणि एक मिठाचा. दिसायला अगदी जुळे भाऊ. जुलै लागला आणि मिठाचा जो अडकून बसला तो बसलाच. मिऱ्याचा मात्र अजून रोज फिरतो. दोष ग्राइंडरचा नाही, मीठ आणि मिरे यांची जोडी लावणाऱ्याचा आहे.

आधी मिऱ्याचं बघू. त्याचा तिखटपणा पायपेरिनचा. हे द्रव्य १८१९ मध्ये वेगळं काढलं ते ओर्स्टेड यांनी. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे ओर्स्टेड ते हेच! मिऱ्याचा वास मात्र पायपेरिनचा नाही. तो लिमोनीन, पायनीन अशा उडून जाणाऱ्या तेलांचा, आणि ही तेलं दाण्यातल्या इवल्या पेशींत कोंडलेली असतात. पायपेरिन सहसा उडत नाही. त्यामुळे डब्यातली जुनी मिरपूड जिभेला झोंबते, पण नाकाला तिचा पत्ता लागत नाही. ५ मिलिमीटरच्या दाण्याचे अर्ध्या मिलिमीटरचे कण केले, तर कण साधारण हजार होतात आणि हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग दहापट. म्हणजे वास दळताना मोकळा होतो आणि त्याच क्षणापासून पळू लागतो.

आता माझा आवडता भाग. जात्याच्या तळीला टाकी लावताना, म्हणजे छिन्नीने खाचा पाडताना, ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा ग्राइंडर वेगळा समजावून सांगायला नको. जात्यात वैरण, म्हणजे दळायच्या धान्याची मूठ, मधे पडते, आधी भरडली जाते आणि कडेकडे सरकताना बारीक होते. हेच जातं घडी घालून शंकूसारखं करा: बाहेर स्थिर कडं, आत फिरता शंकू. वरचे रुंद, तिरके खाचे दाणा पकडून खाली ओढतात आणि फोडतात. खालचे बारीक दाते ते तुकडे दळतात. प्युजो कंपनीने १८७४ मध्ये मिऱ्याचा ग्राइंडर काढला, मोटारींच्या कितीतरी आधी. करवतीची पाती करणारी मंडळी ती, पोलादाला दाते पाडणं त्यांच्या हातचं काम.

खलबत्त्यात बारीक झालेला कणही पुन्हा पुन्हा मार खातो, म्हणून पीठ आणि भरड एकत्रच निघतात. इथे पुरेसा बारीक झालेला कण फटीतून सुटतो. फट ठरवते ती कणाचा आकार. पण शंकूचा दांडा डुगडुगत असेल तर एकीकडे फट रुंद, दुसरीकडे अरुंद, आणि फेरी पुरी होईपर्यंत दोन्ही जागा बदलतात. मग मापाचा स्क्रू कितीही पिळा, उपयोग शून्य. म्हणून दुकानात लाकडाची चकाकी बघू नका. खालून शंकू बोटाने हलवून बघा. परवानगी मिळाली तर भरड मापावर पांढऱ्या कागदावर दळा. भरडीसोबत पीठही पडलं, तर ठेवून द्या.

मिठात उडून जाणारं काही नाहीच. ताजं दळलेलं मीठ आणि शिळं दळलेलं मीठ यांत फरक काय असणार? सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ असेल तर त्याच्याही बऱ्याच आधी. कारण संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा, खारट द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून हवेतलं बाष्प तिकडे ओढलं जातं. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी काय होणार! शिवाय क्लोराइड पोलादाला खातं. हौसच असेल तर मिठासाठी सिरॅमिकचे दाते घ्या, आणि स्वयंपाक चालू असताना भांड्यावर धरू नका, वाफ थेट आत जाते.

गुलाबी सैंधवाच्या पुडीवरची ‘८४ खनिजं’ वाचून हे ग्राइंडर खपतात. तो गुलाबीपणा मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या जातभाईचा. बाकीची खनिजं चिमटीत नगण्य, आणि आयोडीन, जे खरंच लागतं, ते सहसा नसतंच.

आमचं मीठ परत बरणीत गेलंय. भाचा येणार असला की तेवढा ग्राइंडर पुसून टेबलावर ठेवतो.