मोट बांधण्याचं शास्त्र

लालबागला आमच्या चाळीत पाण्यावरून कायम भांडण. तळमजल्यावाले मोटर लावायचे आणि तिसऱ्या मजल्यावर थेंब चढायचा नाही. एका संध्याकाळी दोन्हीकडच्या बायका हंड्यांसकट नाक्यावरच्या पक्ष कार्यालयात पोचल्या. कार्यकर्त्याने तासभर सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वॉर्ड ऑफिसला एकच अर्ज लिहिला: मोटरी काढतो, पण पाणी अर्धा तास जास्त सोडा. खाली सगळ्या मजल्यांच्या सह्या.

राज्यशास्त्रात याला हितसंबंधांचं एकत्रीकरण म्हणतात. माझ्या मते पक्षाचं मूळ काम हेच, आणि नव्या लोकशाहीत ते सगळ्यात अवघड.

आपल्या निवडणुकीचा नियमही तिकडेच ढकलतो. जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, इतरांपेक्षा जास्त पुरतात. शंभर मतं ४०, ३५ आणि २५ अशी वाटली गेली, तर ६० जणांनी नाकारलेला उमेदवार निवडून येतो. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्यूव्हर्जे यांनी याचे दोन परिणाम सांगितले. लहान पक्षांना मतं पडतात, जागा मिळत नाहीत. मग मत फुकट जायला नको म्हणून मतदारच त्यांना सोडतो. टिकायचं तर मोट बांधावी लागते.

मुंबईने हे पाच वर्षांत पाहिलं. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दोन जागांपैकी राखीव जागेवर डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. समाजवादी त्यांच्यासोबत होते, कम्युनिस्ट नव्हते. त्याच मतदारसंघात कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे वेगळे लढत होते. १९५६ च्या फेब्रुवारीत मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या पक्षांची संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. १९५७ साली मध्य मुंबईच्या दोन जागांवरून डांगे आणि आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार, दोघेही समितीच्या बळावर लोकसभेत गेले. मतदार तेच, गिरणगावही तोच. फक्त मतं फुटली नाहीत.

१ मे १९६० ला राज्य मिळालं आणि पुढे मोट सुटली. मुंबईच्या मागणीवर एकमत होतं, बाकी प्रश्नांवर प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

आमच्या चाळीतही पाण्याची वेळ वाढली, आणि वर्षभरात मोटरी परत लागल्या. हंडे पुन्हा कार्यालयात पोचले. त्याच माणसाने या वेळी दोन तास ऐकून घेतलं, आणि नवा कागद काढला.