दारूचा थेंब नाही, तरी यकृतात चरबी

वेंगुर्ल्याच्या माझ्या आत्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ आलं, तेव्हा वाडीत पहिली कुजबुज झाली ती दारूचीच. आत्याने जन्मात दारूला हात लावलेला नाही, अंगाने तर ती काडी. रिपोर्टची घडी मोडत ती एवढंच म्हणाली, ‘ह्यां दुखणां माका खयसून इलां?’

तिच्यावर आला तो आळ जुनाच आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांची नोंद छापली. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत अगदी दारुड्याचं, पण माणसं न पिणारी. तेव्हा कुठे या आजाराला स्वतंत्र नाव मिळालं. त्यांच्यातले बहुतेक लठ्ठ होते, म्हणून मग बोट वजनाकडे वळलं. पण बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेली पाहणी २०१० साली आली आणि त्यात अशा रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के लठ्ठ नव्हतेच.

दारू नाही, वजनही नाही, मग उरतो वारसा. तो धागा मात्र उंदरांनी फार आधी दाखवला होता. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली आपोआप झालेल्या उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातल्या बदलातून, गोळ्यासारखे जाड उंदीर जन्मले, त्यांचं यकृतही चरबीने भरायचं. बिघडलेलं जनुक सापडायला १९९४ उजाडलं. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलेलं हे जनुक भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक बनवतं. निसर्गाची वाट किती पाहायची? ईएनयू हे रसायन उंदरांत भराभर उत्परिवर्तनं घडवतं, हे १९७९ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत विल्यम रसेल यांनी दाखवलं. नर उंदराला ते टोचायचं, पिढ्या वाढवायच्या, यकृत बिघडलेली पिल्लं निवडायची आणि मग दोषी जनुक हुडकायचं. २००२ साली उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा हाती आला आणि हे हुडकणं सोपं झालं.

माणसातला मोठा धागा २००८ साली डॅलसला हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाला मिळाला: पीएनपीएलए३ या जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षराचा फरक. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतली १४८ वी कडी, म्हणजे अमिनो आम्ल, बदलते. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पुढचा प्रयोग. उंदरातलं हे जनुक पार काढून टाकलं, तरी यकृताला काही झालं नाही. माणसातला तोच बदल उंदरात घालून भरपूर साखर खाऊ घातली, तेव्हा मात्र चरबी साठली. म्हणजे प्रथिन नसणं हा रोग नव्हे. बदललेलं प्रथिन पेशीला वेळेवर मोडून टाकता येत नाही, ते चरबीच्या थेंबांवर साचून बसतं आणि चरबी विरघळवण्याचं काम अडवतं.

२०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराचं ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ हे नावच बदललं, त्यातून ‘अल्कोहोल’ही गेलं आणि ‘फॅटी’ही. आत्याच्या गेल्या महिन्यातल्या रिपोर्टवर अजून ‘फॅटी लिव्हर’च आहे.